घर थंड आणि कोरडं करायचंय? कामाचा क्रम चुकवू नका

वरच्या मजल्यावरच्या घराचं छत दुपारी तापतं आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतं. अशा वेळी बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो मोठ्या एसीचा. त्यानंतर कोणीतरी फॉल्स सीलिंग सुचवतं. मग पावसात त्याच सीलिंगवर डाग पडतात, ते उतरवून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं लागतं आणि शेवटी कळतं की खोलीला इतका मोठा एसी लागतच नव्हता. यातलं एकही काम मुळात चुकीचं नाही. चुकतो तो क्रम.

क्रम असा धरा: आधी पाणी, मग ऊन, मग छतातली उष्णता, मग फटी आणि हवा, आणि यंत्रं सगळ्यात शेवटी. ओल्या स्लॅबवर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, टाकलं तर ओल आत कोंडते. ऊन अडवण्याआधी एसी निवडला तर तो नंतर गरजेपेक्षा मोठा ठरतो. नवीन बांधकाम असो की जुन्या घराची दुरुस्ती, हा क्रम बदलत नाही. पुढचं सगळं विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब असलेल्या, उष्ण हवामानातल्या घरांसाठी आहे.

आधी जमवायच्या गोष्टी

- घराचा नकाशा. त्यावर उत्तर दिशा, खिडक्यांची मापं आणि खोल्यांची उंची लिहा.
- मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं.
- स्लॅबची जाडी आणि तुळयांची जागा दाखवणारं ड्रॉइंग. ते नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत.
- गच्ची सामायिक असेल तर इतर मालकांची लेखी संमती.
- दोन साधे डिजिटल थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारे.
- इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे लांबून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी बंदूक.
- ट्यूब लेव्हल, टॉर्च, उदबत्ती, जाड प्लास्टिकचा कागद, चांगली चिकटपट्टी.

१. सात दिवस फक्त मोजा

या पायरीला एक आठवडा लागतो आणि नेमकी हीच गाळली जाते.

सुरुवात आर्द्रतामापक तपासण्यापासून करा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ते चिखलासारखं ओलसर होईल इतकंच पाणी घाला. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत १० ते १२ तास एकत्र ठेवा. त्या पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७० दाखवले तर तो ५ ने कमी दाखवतो, हे त्याच्यावर लिहून ठेवा.

आता रोज सकाळी ६, दुपारी ४ आणि रात्री ९ वाजता पाच आकडे लिहा: बाहेर सावलीतलं तापमान, खोलीतलं तापमान, खोलीतली आर्द्रता, छताच्या खालच्या बाजूचं तापमान आणि पश्चिमेच्या भिंतीचं आतल्या बाजूचं तापमान. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत धातूवर खोटा आकडा दाखवते. तिथे काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर नेम धरा.

छताचा आकडा खोलीच्या हवेपेक्षा सतत ४-५ अंशांनी वर असेल तर मुख्य दोष छताचा आहे. शरीराला हवेचं तापमान जाणवतं तसंच भोवतालच्या पृष्ठभागांचंही जाणवतं. ढोबळमानाने दोन्हींची सरासरी जाणवते. हवा २८ अंशांवर आणली, पण भोवतालच्या पृष्ठभागांची सरासरी ३६ असली, तर शरीराला ३२ च्या आसपास वाटतं. एसी चालू असूनही जीव घाबरा होतो तो यामुळे.

वीजबिलांतून सौम्य हवेच्या महिन्याचे युनिट उन्हाळी महिन्याच्या युनिटमधून वजा करा. उरलेला आकडा म्हणजे ढोबळमानाने घर थंड करण्याचा खर्च. पुढचं प्रत्येक काम त्या आकड्याच्या तुलनेत तोला.

२. पाणी: याआधी दुसरं काहीही नाही

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय कोणतंही रसायन विकत घेऊ नका. नळ-पाइपची गळती सोडली तर ओलीच्या वाटा चार असतात: वरून गळती, बाजूने पावसाचा मारा, खालून जमिनीतली ओल आणि आतल्या हवेतली वाफ. चौघींचे उपाय वेगवेगळे आहेत.

भिंतीची साधी चाचणी अशी: ४५ सेंमी बाय ४५ सेंमी प्लास्टिकचा तुकडा ओलसर जागेवर चारही कडांनी घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर ती हवेतली वाफ आहे. त्याला वॉटरप्रूफिंग नव्हे, हवा खेळती ठेवणं हा उपाय आहे. दोन्ही बाजूंना पाणी दिसलं तर आधी भिंतीतलं पाणी शोधा.

डाग जमिनीपासून सुरू होऊन साधारण मीटरभर उंचीपर्यंतच असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल खालून चढतेय. आधी बाहेरची जमीन बघा. घराभोवतीचा उतार घरापासून दूर जाणारा हवा, पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंमी तरी. भिंतीला खेटून असलेले मातीचे वाफे आणि जोत्याच्या वर आलेला भराव काढून टाका. एवढ्यानेच बऱ्याच भिंती वाळायला लागतात.

बाथरूमच्या बाहेरची भिंत ओली असेल तर आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर तासभर बघा. काटा हलला तर दाबाचा पाइप गळतोय. नाही हलला तर जाळीला बूच लावून फरशीवर २४ तास पाणी साठवा आणि खालच्या बाजूने तपासा. हे करण्याआधी फरशा उखडू नका.

गच्चीवर तीन गोष्टी बघा. पहिली, ढाळ: दर मीटरला १ सेंमी हे किमान, सव्वा सेंमी असेल तर चांगलं. ट्यूब लेव्हलने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. दुसरी, कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा. तिथे काटकोन ठेवला की वॉटरप्रूफिंगचा थर नेमका त्याच रेषेत चिरतो. तिथे सिमेंटची गोलाई (गवंडी तिला वाटा म्हणतात) हवी आणि थर कठड्यावर किमान १५ सेंमी चढलेला हवा. तिसरी, पाणी जायच्या पाइपचं तोंड. ते भोवतालच्या थरापेक्षा जरा खोल असावं. शिवाय कठड्यात थोडं वर एक जादा भोक ठेवा, म्हणजे मुख्य तोंड पानांनी तुंबलं तरी गच्चीचं तळं होणार नाही.

वॉटरप्रूफिंगनंतर गच्चीत २५ ते ५० मि.मी. पाणी ४८ तास साठवून ठेवा. ५० मि.मी. पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, म्हणून जुन्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढं पाणी भरू नका. चाचणी उत्तीर्ण होईपर्यंत वर काहीही अंथरायचं नाही आणि शेवटचे पैसेही द्यायचे नाहीत.

भिंत वाळायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब महिन्याला २५ मि.मी. जाडी. ओल्या भिंतीला आतून प्लास्टिकसारखा घट्ट रंग मारला तर मागचं पाणी तो फोडून बाहेर येतं. सहा महिन्यांत फुगणारे पापुद्रे बहुधा याचेच असतात.

३. ऊन बाहेरच अडवा

भर दुपारी निरभ्र आकाशात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. उघडा करडा स्लॅब त्यातला निम्म्याहून जास्त भाग शोषतो. नवा, चांगला पांढरा परावर्तक थर साधारण २० टक्केच शोषतो. म्हणून पाणी आटोक्यात आल्यावर सगळ्यात स्वस्त काम हेच: गच्ची पांढरी करा.

त्यात दोन अडचणी येतात. धूळ बसली की परावर्तन घसरतं, त्यामुळे गच्ची धुवायची सोय आणि तयारी हवी. आणि साध्या भिंतीचा पांढरा रंग गच्चीवर टिकत नाही. चालण्याला आणि साचलेल्या पाण्याला तोंड देणारा थर लागतो. डब्यावर एसआरआय हा आकडा शोधा. प्रमाणित पांढऱ्या पृष्ठभागाला १०० आणि प्रमाणित काळ्याला ० अशी ती मोजपट्टी आहे. नव्या थराच्या आकड्याबरोबर तीन वर्षं जुन्या थराचा आकडाही विचारा. तुमच्या उपयोगाचा तोच.

खिडक्यांचं गणित दिशेवर ठरतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण दुपारचा सूर्य उंच असतो. सूर्य ६० अंशांवर असताना १.२ मीटर उंच खिडकीला पूर्ण सावली द्यायला ७० सेंमी छज्जा लागतो. पश्चिमेला मात्र हाच छज्जा तोकडा पडतो. समोरचा सूर्य ३० अंशांवर उतरला की ६० सेंमी छज्जा फक्त वरच्या ३५ सेंमी काचेला सावली देतो, बाकीचं ऊन सरळ आत येतं. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून सोडायचे पडदे, झडपा किंवा जाळीवरची वेल लागते.

आतला जाड पडदा ऊन थांबवत नाही. काचेतून आत आलेली उष्णता पडद्यावर अडते आणि खोलीतच पसरते. बाहेरचा पातळ कापडी पडदासुद्धा त्याहून सरस.

काच बदलायची असेल तर विक्रेते डबल ग्लेझिंगचं, म्हणजे दुहेरी काचेचं, नाव आधी घेतात. उष्ण प्रदेशात आधी विचारायचा आकडा एसएचजीसी, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेचा किती हिस्सा आत येतो तो. साध्या एकेरी काचेचा सुमारे ०.८, साध्या दुहेरी काचेचा ०.७ च्या आसपास. इतका खर्च करून उन्हात फारसा फरक पडत नाही. सोलर कंट्रोल लो-ई काच (उष्णता परतवणारा अतिपातळ थर दिलेली काच) हाच आकडा ०.२५ ते ०.४ पर्यंत आणते. जुन्या काचेवर गडद फिल्म चिकटवताना सावध राहा. ऊन शोषणारी फिल्म काच असमान तापवते आणि काच कडेपासून तडकू शकते.

४. छताचं इन्सुलेशन: जाडी, जागा आणि थरांचा क्रम

हा हिशेब स्वतः करून बघण्यासारखा आहे. कोणत्याही थराचा उष्णतारोध म्हणजे जाडी (मीटरमध्ये) भागिले त्या पदार्थाची उष्णतावाहकता. काँक्रीटची वाहकता सुमारे १.६ आणि एक्सपीएस फोमची (बंद कप्प्यांचा टणक पॉलिस्टायरीन फोम) सुमारे ०.०३. म्हणजे १५० मि.मी. स्लॅबचा रोध ०.१ सुद्धा भरत नाही, आणि ५० मि.मी. फोमचा १.६७ भरतो.

गच्चीचा पृष्ठभाग ६० अंश आणि खोली ३० अंश धरा. स्लॅब, खालचा गिलावा आणि छताजवळचा हवेचा थर मिळून एकूण रोध साधारण ०.२८ होतो. तेव्हा दर चौरस मीटरमधून सुमारे १०५ वॅट आत येतात. ५० मि.मी. फोम टाकला की तेच १५ वॅट होतात, १०० मि.मी. टाकला तर ८. पहिल्या ५० मि.मी.नी ९० वॅट वाचवले, पुढच्या ५० नी फक्त ७. म्हणून उष्ण हवामानात ५० ते ७५ मि.मी. बहुतेक घरांना पुरतं. प्रत्यक्षात स्लॅबच्या जाडीमुळे उष्णता काही तास उशिरा आणि थोडी सौम्य होऊन पोचते, पण प्रमाण हेच राहतं.

इन्सुलेशन शक्यतो स्लॅबच्या वर टाका, खाली नको. वर टाकलं की स्लॅब सावलीत राहतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मि.मी. लांबतो-आखडतो. रोजच्या या ताणानेच कठड्याखाली आडव्या भेगा पडतात आणि वॉटरप्रूफिंग चिरतं. आतून फोम लावला तर खोली थंड होते, पण स्लॅब पूर्वीइतकाच तापत राहतो.

खालून वर थर असे:

१. स्लॅब आणि ढाळाचा थर.
२. वॉटरप्रूफिंग, मग ४८ तासांची पाण्याची चाचणी.
३. एक्सपीएसच्या पाट्या, विटांसारखे सांधे चुकवून. दोन थर असतील तर वरच्या थराने खालचे सांधे झाकावेत.
४. जिओटेक्स्टाइल कापड, १५ सेंमी एकमेकांवर चढवून.
५. ५० मि.मी. काँक्रीटचा थर, दीड ते दोन मीटरच्या चौकोनांत. मधल्या सांध्यांत लवचीक सीलंट.
६. पांढरा परावर्तक थर किंवा फिक्या फरशा.

इथे कामं कशी बिघडतात तेही बघा. एक्सपीएस पाण्यावर तरंगतो. वरचा काँक्रीटचा थर टाकायच्या आधी जोराचा पाऊस आला तर पाट्या उचलल्या जातात, म्हणून एका दिवसात झाकून होईल एवढ्याच पाट्या अंथरा. पॉलिस्टायरीनचा कोणताही फोम टोल्युइनसारख्या द्रावकाने विरघळतो आणि गरम डांबराने वितळतो. त्यामुळे चिकटवायचा पदार्थ पॉलिस्टायरीनला चालतो, हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असलं पाहिजे. उघडा फोम उन्हाने भुरभुरतो. ५० मि.मी. काँक्रीटचं वजन चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातं, म्हणून इंजिनिअरची संमती आधी घ्या. जुना जाड कोबा काढला तर तेवढं वजन परत मिळतं.

फोम भिजला की काम संपलं. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या २० पटींहून जास्त आहे. एक्सपीएसमधले कप्पे बंद असतात म्हणून तो वॉटरप्रूफिंगच्या वर चालतो. साधा ईपीएस (थर्माकोल) किंवा खनिज लोकर तिथे चालत नाही.

चकचकीत फॉइल विकणारेही भेटतील. फॉइल काम करते ती तिच्या एका बाजूला किमान २० ते २५ मि.मी. हवेची पोकळी असेल तरच. गिलाव्यात किंवा काँक्रीटमध्ये दाबलेली फॉइल म्हणजे धातूचा पातळ पत्रा, बस.

आतून लावण्याशिवाय पर्याय नसेल तर फोम उघडा ठेवू नका. आगीत तो विषारी धूर सोडतो. त्यावर किमान १२.५ मि.मी. जिप्सम बोर्ड हवाच.

५. फटी बुजवा, पण हवेची वाट ठेवून

दाराखालची ५ मि.मी. फट क्षुल्लक वाटते. मीटरभर रुंद दाराला ती ५० चौ.सेंमी होते, म्हणजे ७ सेंमी बाय ७ सेंमीचं भोक. भिंतीत एवढं भोक कोणी ठेवणार नाही.

वाऱ्याच्या दिवशी खिडक्या-दारं बंद करा, एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि पेटलेली उदबत्ती चौकटींच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आडवा झाला तिथे खूण करा. एसीच्या पाइपचं भोक, स्विचबोर्ड, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातला सांधा, सरकत्या खिडकीचा रुळ आणि फॉल्स सीलिंगच्या वरच्या जागा हमखास सापडतात.

६ मि.मी.पेक्षा रुंद सांध्यात आधी बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) दाबा, मग सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी ठेवा. तो दोन्ही कडांनाच चिकटला पाहिजे. तळालाही चिकटला तर ताणात फाटतो. चौकटीभोवती फोम मारायचा असेल तर कमी फुगणाराच घ्या. साधा फोम चौकट वाकवतो आणि दार अडकायला लागतं.

फटी बुजवल्यावर ताजी हवा मुद्दाम आणावी लागते. ॲश्रे या अमेरिकी अभियंता संस्थेच्या ६२.२ या हवेच्या मानकाचा हिशेब सोपा आहे: दर चौरस मीटरला ०.१५ लिटर प्रतिसेकंद आणि दर माणशी ३.५ लिटर. १०० चौ.मी. घरात चार माणसं असतील तर २९ लिटर प्रतिसेकंद. त्याशिवाय गरजेनुसार चालवायच्या पंख्यांसाठी स्वयंपाकघरात सुमारे ५० आणि बाथरूममध्ये सुमारे २५. पंख्याचा पाइप आखूड आणि सरळ ठेवा. वळणावळणाच्या लवचीक नळीत निम्मी हवा मरते. बाथरूमच्या दाराखाली १० ते १५ मि.मी. मोकळी ठेवा, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो.

एक गोष्ट जिवाशी आहे. गॅसचा गिझर, शेगडी, जनरेटर यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. फटी बुजवलेल्या घरात जोराचा एक्झॉस्ट फॅन हा धूर परत आत ओढू शकतो. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये नको, आणि ज्या घरात गॅस जळतो तिथे फटी बुजवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

६. भिंतीतली वाफ

दमट हवेत ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. एसीने भिंतीची आतली बाजू २३ अंशांवर आणली की बाहेरून झिरपत येणारी वाफ तिथे पाणी होते. आत व्हिनाइलचा वॉलपेपर किंवा घट्ट चकचकीत रंग असेल तर ते पाणी त्याच्या मागे अडकतं. पृष्ठभागाजवळची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. म्हणून एसीच्या खोलीत आतून श्वास घेणारा रंग ठेवा आणि वाफरोधक थर लागलाच तर बाहेरच्या बाजूला. थंड प्रदेशात वाफ आतून बाहेर जाते, म्हणून तिथे हाच थर आतल्या बाजूला असतो. तिकडच्या पद्धती जशाच्या तशा उचलू नका.

भिंतीला टेकून उभं केलेलं कपाट ५ सेंमी पुढे घ्या. मागे हवा खेळली की निम्मी बुरशी तिथेच थांबते.

रात्री खिडक्या उघडायच्या की नाहीत, हे नुसत्या तापमानावर ठरवू नका. बाहेर गार पण दमट असेल तर गाद्या, पडदे, लाकूड रात्रभर ओल पितात आणि सकाळी एसीला तीच काढावी लागते. कोरड्या हवामानात मात्र रात्रीची हवा फुकटचा एसी आहे.

७. पंखे आणि एसी

पंखा खोली थंड करत नाही, अंगावरची उष्णता नेतो. पण त्यामुळे २ ते ३ अंश वरचं तापमान सोसतं, म्हणून आधी पंखे बघा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ३० च्या आसपास. खोलीत कोणी नसेल तर पंखा बंद.

एसी निवडताना पहिल्या पायरीतले आकडे आता पुन्हा मोजा आणि भार नव्याने काढून घ्या. १ टन म्हणजे ३.५ किलोवॅट. ४० चौ.मी. उघड्या छतातून येणारे १०५ वॅट म्हणजे ४.२ किलोवॅट, एका टनाहून जास्त. इन्सुलेशननंतर तेच ०.६ उरतात. गरजेपेक्षा मोठा एसी खोली दहा मिनिटांत गार करून थांबतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली थंड पण चिकट होते, मग माणूस तापमान आणखी खाली नेतो.

८. ठेकेदाराच्या कागदावर हे लिहून घ्या

कोटेशनमध्ये «वॉटरप्रूफिंग व हीट प्रूफिंग» एवढंच असेल तर परत पाठवा. पदार्थाचं नाव, जाडी मि.मी.मध्ये, फोमची वाहकता आणि दाब सोसण्याची क्षमता, थरांची संख्या आणि पाण्याच्या चाचणीचे तास, हे सगळं लिखित हवं. फोम साइटवर आला की पाटीची जाडी स्वतः पट्टीने मोजा. ५० च्या जागी ४० मि.मी. आलेला झाकल्यावर कळत नाही. प्रत्येक थर झाकायच्या आधी बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि गच्चीच्या नकाशावर त्या जागेचा क्रमांक टाका. पुढे कधी गळती झाली तर कुठे फोडायचं हे त्या फोटोंवरून ठरेल.

काम झाल्यावर त्याच थर्मामीटरने, त्याच तीन वेळांना, पुन्हा सात दिवस आकडे लिहा. रात्री ९ वाजता छत खोलीच्या हवेपेक्षा एक-दोन अंशांनीच गरम असेल तर काम जमलं. एखाद्या तुळईखाली किंवा कठड्यालगत पट्टाच गरम लागला तर तिथे फोम तुटलाय किंवा काँक्रीट बाहेरपर्यंत उघडं गेलंय. तेवढ्याच पट्ट्याची दुरुस्ती मागा.